मायएसक्यूएलमध्ये लॅपटॉपवरची सीएसव्ही फाइल आधी जात नव्हती, आता गेली तर ओळी गायब आहेत. काय करू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वाचनालयाच्या दोन शाखांच्या सभासदांची मिळून सुमारे १८,००० ओळींची यादी एक्सेलमध्ये आहे आणि ती तुम्ही सीएसव्ही करून घेतली. फाइल तुमच्या विंडोज लॅपटॉपवर, मायएसक्यूएल ८.० हा डेटाबेस ऑफिसातल्या उबुंटू (लिनक्स) मशीनवर, म्हणजे तोच सर्व्हर. 'लोड डेटा लोकल इनफाइल' ही फाइल टेबलात भरायची आज्ञा चालवल्यावर आधी एरर ३९४८ आला. कुठेतरी वाचून 'लोकल' हा शब्द काढला, तर एरर १२९०. पुढे बऱ्याच खटपटीनंतर फाइल आत गेली, पण टेबलात ओळी ११,००० च्या आसपासच, काही नावांच्या जागी प्रश्नचिन्हं आणि जन्मतारखा बहुतेक शून्य. मायएसक्यूएल काढून पुन्हा इन्स्टॉल करावं का, असं तुम्ही विचारलंय.

इन्स्टॉलेशनला अजिबात हात लावू नका, त्यात काही बिघडलेलं नाही. तुमच्याकडे दोन वेगळे प्रश्न एकात एक अडकलेत: फाइल आत का जात नव्हती, आणि आत गेल्यावर तिचं काय झालं. पहिल्यामुळे लोक हैराण होतात, पण तो सोपा आहे. दुसरा जास्त महत्त्वाचा, कारण तिथे एरर येत नाही आणि माहिती मात्र जाते. (आज्ञा मी इथे देवनागरीत लिहिते आहे, टाइप अर्थातच रोमनमध्ये करायच्या.)

आधी दाराशी काय झालं ते बघू. या सगळ्यात स्वतःला एकच प्रश्न विचारायचा: फाइल उघडून वाचणार कोण? 'लोकल' लिहिलंत तर तुमच्या लॅपटॉपवरचा क्लायंट (सर्व्हरशी बोलणारा प्रोग्राम) फाइल वाचतो आणि नेटवर्कवरून सर्व्हरला पाठवतो. 'लोकल' नसेल तर सर्व्हर स्वतः, त्याच्या स्वतःच्या डिस्कवर ती फाइल शोधतो. उबुंटू मशीनवर सी ड्राइव्ह नाहीच, म्हणजे 'लोकल' काढल्यावर तुमचा तो पाथ तिथे निरर्थक होता. मायएसक्यूएल डॉकरमध्ये, म्हणजे संगणकातच वेगळ्या बंद डब्यात (कंटेनरमध्ये), चालवणाऱ्यांचंही इथेच अडतं. त्यांच्या बाबतीत सर्व्हरची डिस्क म्हणजे कंटेनरची डिस्क. फाइल त्याच संगणकावर असली तरी कंटेनरला ती दिसत नाही.

३९४८ चा अर्थ एवढाच, की लोकल लोडिंग बंद आहे आणि ते दोन्ही बाजूंनी चालू करावं लागेल. ५.७ पर्यंत सर्व्हरवर हे आपोआप चालू असायचं, ८.० मध्ये ते मुळातच बंद ठेवलंय. म्हणून २०१८ च्या आधीचे लेख वाचून केलेलं काम आता अडतं. जुन्या आवृत्त्यांत हीच तक्रार ११४८ या क्रमांकाने यायची, 'ही आज्ञा या आवृत्तीत चालत नाही' अशा शब्दांत, आणि लोक उगाच आवृत्ती बदलत बसायचे. झॅम्प हे तयार पॅकेज वापरणाऱ्यांकडे आत मारियाडीबी (मायएसक्यूएलमधूनच निघालेला डेटाबेस) असतो, तिथे क्रमांक ४१६६ दिसू शकतो. सगळ्यांचं मूळ एकच.

सर्व्हरवर अधिकार असलेल्या खात्यातून 'सेट ग्लोबल लोकल_इनफाइल = १' द्यायचं. क्लायंट टर्मिनलवरून उघडत असाल तर सुरू करतानाच '--लोकल-इनफाइल=१' जोडायचं. वर्कबेंच (मायएसक्यूएलचा ग्राफिकल क्लायंट) असेल तर कनेक्शन एडिट करून 'अॅडव्हान्स्ड' टॅबमधल्या 'अदर्स' या चौकटीत 'ऑप्ट_लोकल_इनफाइल=१' ही ओळ टाकायची आणि कनेक्शन बंद करून पुन्हा उघडायचं. हे राहिलं की २०६८ येतो: सर्व्हर तयार आहे, पण क्लायंट फाइल द्यायला नकार देतोय. पायथन, पीएचपी, जावा या सगळ्यांच्या ड्रायव्हरमध्येही याच नावाशी मिळताजुळता एक पर्याय असतो आणि तो कनेक्शन जोडतानाच द्यावा लागतो, नंतर देऊन उपयोग नाही.

हे बंद का ठेवलंय ते समजून घ्या, म्हणजे 'सगळं उघडं टाका' असले सल्ले तुम्ही मानणार नाही. 'लोकल'मध्ये प्रत्यक्ष घडतं ते असं: क्लायंट आज्ञा पाठवतो, मग सर्व्हर उलट क्लायंटला सांगतो की अमुक नावाची फाइल दे, आणि क्लायंट ती देतो. नाव सर्व्हर सांगतो! म्हणजे सर्व्हर दुसऱ्या कुणाच्या ताब्यात असेल, तर तो सभासदांच्या यादीऐवजी तुमच्या लॅपटॉपवरची पासवर्डची फाइलही मागू शकतो. म्हणून काम झालं की पुन्हा बंद करायचं. ८.०.२१ पासून याहून चांगली सोय आहे: क्लायंटवर लोकल-इनफाइल बंदच ठेवून '--लोड-डेटा-लोकल-डिर' या पर्यायाने एकच फोल्डर नेमून देता येतं. मग त्या फोल्डरबाहेरची फाइल क्लायंट देतच नाही. मी हाच मार्ग सुचवेन. सर्व्हरवरचा स्विच मात्र त्यासाठीही चालूच लागतो.

आता १२९०. 'लोकल' काढल्यावर तुम्ही सर्व्हरच्या हद्दीत गेलात आणि तिथे 'सिक्युअर_फाइल_प्रिव्ह' नावाचा पहारा आहे. सर्व्हरने कोणत्या एकाच फोल्डरमधून फाइल वाचायची ते यात ठरलेलं असतं. 'शो व्हेरिएबल्स लाइक' ने ते बघता येतं. उबुंटूवर ते बहुधा व्हार, लिब यांच्या आतलं 'मायएसक्यूएल-फाइल्स' हे फोल्डर असतं, विंडोजवर प्रोग्रामडेटाच्या आतलं 'अपलोड्स'. मूल्य रिकामं असेल तर कुठलीही मर्यादा नाही, आणि 'नल' असेल तर ही सोयच बंद. सर्व्हर चालू असताना ते बदलत नाही, कॉन्फिगरेशन फाइलमध्ये बदलून रीस्टार्ट करावं लागतं.

पण बदलूच नका. सर्व्हरकडूनच वाचून घ्यायचं असेल तर फाइल त्या नेमलेल्या फोल्डरमध्ये ठेवा. ही मर्यादा काढून टाका, होम फोल्डरला ७७७ (म्हणजे सगळ्यांना सगळं खुलं) परवानगी द्या, हे उपाय नेटवर जागोजागी दिसतात आणि उबुंटूवर त्यांनी बहुतेक वेळा कामही होत नाही. मर्यादा काढली तरी अॅपआर्मर हा उबुंटूचा सुरक्षारक्षक मध्ये उभा असतो. मायएसक्यूएलला कोणत्या फोल्डरला हात लावता येईल याची त्याची स्वतःची यादी असते, फाइलच्या परवानग्या कितीही सैल केल्या तरी तो दाद देत नाही. फाइल समोर दिसतेय, परवानग्या सगळ्या आहेत, तरी 'एररकोड १३, परवानगी नाही' येत असेल तर संशय त्याच्यावर घ्या. रेड हॅटच्या कुळातल्या सिस्टिमवर तेच काम एसईलिनक्स करतं.

याच वाटेवर आणखी एक चकवा आहे. 'लोकल' नसताना वापरणाऱ्याला 'फाइल' हा वेगळा अधिकार लागतो आणि तो नसला की एरर येतो १०४५, म्हणजे 'या युजरला प्रवेश नाही, पासवर्ड वापरला: होय'. वाचणारा साहजिकच पासवर्ड बदलायला धावतो. लॉगिन झालेलंच असताना, लोड करतेवेळी १०४५ आला तर पासवर्डचा काही संबंध नाही. आणि हा अधिकार एका डेटाबेसपुरता देता येत नाही, तो पूर्ण सर्व्हरसाठीच असतो. म्हणून साध्या कामाच्या खात्याला तो देऊ नये, 'लोकल' बरं.

म्हणजे तुमच्यासाठी 'लोकल'च योग्य होतं. अडचण त्यापुढची आहे.

'लोकल' असताना सर्व्हर चुका माफ करतो. फाइल नेटवर्कवरून येत असते, तिचा ओघ मध्येच थांबवायची सोय सर्व्हरकडे नाही. त्यामुळे नको त्या जागी अक्षरं आली, तारीख कळली नाही, मजकूर लांबला, तर तो एरर न देता वॉर्निंग नोंदवतो आणि काहीतरी भरून पुढे जातो. प्रायमरी की (प्रत्येक ओळीची वेगळी ओळख ठरवणारा रकाना) आधीच्या ओळीशी जुळली तर ती ओळ गुपचूप सोडून देतो. स्ट्रिक्ट मोड (चुकीची माहिती नाकारणारी सेटिंग) चालू असला तरी हेच. तुम्हाला 'क्वेरी ओके' दिसलं, त्याच्या खालच्या ओळीत 'रेकॉर्ड्स, डिलीटेड, स्किप्ड, वॉर्निंग्ज' असे चार आकडे होते. उत्तर तिथे होतं. लोड झाल्याबरोबर, दुसरी कुठलीही क्वेरी न चालवता, 'शो वॉर्निंग्ज' द्यायचं, कारण पुढची क्वेरी चालली की ती यादी पुसली जाते. शिवाय ८.० मध्ये पहिल्या १,०२४ च वॉर्निंग्ज साठवल्या जातात, ५.७ मध्ये तर फक्त ६४. यादी छोटी दिसली म्हणून चुका तेवढ्याच, असं धरू नका.

तुमच्या सात हजार ओळी कुठे गेल्या असतील याचा मला दाट संशय आहे. दोन शाखा आहेत, आणि सभासद क्रमांक दोन्हीकडे १ पासून सुरू होत असणार. तुम्ही क्रमांकालाच प्रायमरी की केलं असेल, तर मोठ्या शाखेची यादी आत गेली आणि धाकट्या शाखेचा प्रत्येक क्रमांक 'आधीच आहे' म्हणून गळला. पडताळायला सोपं आहे: टेबलात धाकट्या शाखेचा एकही सभासद सापडतो का ते बघा. सापडला नाही, तर प्रायमरी की 'शाखा आणि क्रमांक' अशी दोघांची मिळून हवी.

प्रश्नचिन्हांचं निदान मात्र टप्प्याटप्प्याने करावं लागेल. आधी सीएसव्ही फाइल नोटपॅडमध्ये उघडा, एक्सेलमध्ये नको. तिथेच प्रश्नचिन्हं असतील तर नुकसान एक्सेलने सेव्ह करताना झालंय. साधा 'सीएसव्ही' पर्याय निवडला की एक्सेल मजकूर विंडोजच्या जुन्या कोडपेजमध्ये (मोजक्याच अक्षरांच्या तक्त्यात) लिहितो, त्यात देवनागरी नाही, म्हणून प्रत्येक अक्षराचं प्रश्नचिन्ह होतं. ते परत मिळवता येत नाही, मूळ एक्सेल फाइल उघडून 'सीएसव्ही यूटीएफ-८' या पर्यायानेच पुन्हा सेव्ह करावी लागते. 'काही नावं'च बिघडली म्हणता, म्हणजे बाकीची नावं बहुधा इंग्रजीत लिहिलेली असणार. ती या सगळ्यातून सुखरूप जातात.

नोटपॅडमध्ये मराठी नीट दिसत असेल तर टेबलात काय साठवलंय ते हेक्सने (अक्षरांमागचे साठवलेले संकेतांक दाखवणाऱ्या फंक्शनने) बघा: 'सिलेक्ट हेक्स(नाव)'. 'म'ने सुरू होणाऱ्या नावाची सुरुवात ई०ए४एई अशी दिसली तर साठवण बरोबर आहे, फक्त तुमचा क्लायंट दाखवताना चुकतोय. एकापाठोपाठ ३एफ, ३एफ, ३एफ दिसलं तर ती खरोखरची प्रश्नचिन्हं साठवली गेलीत. तसं असेल तर कॉलमचा कॅरेक्टर सेट (अक्षरं कोणत्या संकेतांकांनी साठवायची तो संच) तपासा, ५.७ च्या काळातलं टेबल असेल तर तो 'लॅटिन१' निघण्याची शक्यता मोठी. आणि एक लक्षात ठेवा: फाइल कोणत्या संचातली समजायची हे मायएसक्यूएल डेटाबेसच्या ठरलेल्या संचावरून ठरवतो. 'सेट नेम्स' देऊन त्यावर काही परिणाम होत नाही. आज्ञेतच 'कॅरेक्टर सेट यूटीएफ८एमबी४' लिहावं लागतं.

जुनी यादी कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असेल, तर प्रकार आणखी वेगळा. आपल्याकडच्या वाचनालयांत, पतसंस्थांत असा मजकूर अजून ढिगाने आहे. तिथे साठवलेली अक्षरं रोमनच असतात, देवनागरीचं रूप फक्त फॉन्ट देतो. डेटाबेसला फॉन्ट कळत नाही, त्यामुळे आत गेल्यावर अर्थहीन रोमन अक्षरं दिसतात. त्याहून वाईट म्हणजे कृतिदेवमध्ये 'ए' हे अक्षर स्वल्पविरामाच्या कीवर आहे आणि अर्धा 'ष' दुहेरी अवतरणचिन्हाच्या. एकनाथ नावाचा सभासद आला की फाइलमध्ये एक स्वल्पविराम आला! एक्सेलने अशा खान्यांभोवती अवतरणं घातलेली असतात, पण जुन्या एखाद्या प्रोग्रामने काढलेल्या फाइलमध्ये ती नसतात आणि त्या ओळीचे सगळे रकाने एक घर पुढे सरकतात. अशी यादी आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यायची, मगच लोड करायची.

तारखा. एक्सेलमध्ये आपण १५/०८/१९७२ लिहितो, मायएसक्यूएलला वर्ष आधी लागतं. डेट कॉलममध्ये ती तशीच टाकली की वॉर्निंग येते आणि शून्य तारीख बसते. हे निदान डोळ्यांना दिसतं तरी. मला भीती दोन आकडी वर्षांची वाटते: ०५/०८/१२ म्हणजे ५ ऑगस्ट २०१२ आपल्यासाठी, पण मायएसक्यूएल ती १२ ऑगस्ट २००५ समजून आत घेतो. शून्यही नाही, चुकीची पण अगदी खरी वाटणारी तारीख. ज्या तारखा तुम्हाला 'बरोबर आल्या' असं वाटतंय, त्या मूळ यादीशी ताडून बघा.

हे सगळं सरळ करायचा मार्ग मी नेहमी एकच वापरते. फाइल थेट खऱ्या टेबलात कधीच टाकायची नाही. एक कच्चं टेबल करायचं, सगळे कॉलम साध्या मजकुराचे आणि भरपूर रुंद, शाखा-क्रमांकावर प्रायमरी की नको, अट नको, फक्त आपोआप वाढणारा एक ओळक्रमांक. त्यात लोड करायचं:

लोड डेटा लोकल इनफाइल 'सी:/यादी/सभासद.सीएसव्ही'
इनटू टेबल कच्चे_सभासद
कॅरेक्टर सेट यूटीएफ८एमबी४
फील्ड्स टर्मिनेटेड बाय ','
ऑप्शनली एन्क्लोज्ड बाय '"'
एस्केप्ड बाय ''
लाइन्स टर्मिनेटेड बाय '\आर\एन'
इग्नोर १ लाइन्स
(शाखा, क्रमांक, नाव, पत्ता, जन्मतारीख, फोन);

पाथमध्ये सरळ तिरपी रेघ वापरा. विंडोजची उलटी रेघ मायएसक्यूएलसाठी एस्केपचं चिन्ह (पुढच्या अक्षराचा अर्थ बदलणारं) आहे, ती वापरायचीच तर दुहेरी लागते. 'एस्केप्ड बाय' रिकामं ठेवलंय तेही त्याचसाठी, कुणी पत्त्यात उलटी रेघ दिली असेल तर पुढचं अक्षर गिळलं जाऊ नये म्हणून. 'एन्क्लोज्ड बाय' नसेल तर 'शिवाजीनगर, पुणे' या पत्त्याचे दोन रकाने होतात आणि पुणे जन्मतारखेच्या घरात जाऊन बसतं.

ओळीच्या शेवटाचं चिन्ह फार महत्त्वाचं. विंडोजवर बनलेल्या फाइलमध्ये ओळ दोन अक्षरांनी संपते, मायएसक्यूएल डीफॉल्टने दुसरंच तेवढं ओळखतो. पहिलं अदृश्य अक्षर मग शेवटच्या रकान्याला, तुमच्या बाबतीत फोनला, चिकटून राहतं. स्क्रीनवर नंबर बरोबर दिसतो, पण शोधलं तर सापडत नाही. 'लेंग्थ(फोन)' विचारा: १० ऐवजी ११ आलं, किंवा हेक्सच्या शेवटी ०डी दिसलं, की हेच. उलट फाइल लिनक्सवर बनलेली असेल आणि तुम्ही विंडोजचं चिन्ह दिलं असेल, तर पूर्ण फाइल ही एकच ओळ ठरते, ती शीर्षकाची म्हणून सोडली जाते आणि एररशिवाय 'रेकॉर्ड्स: ०' येतं.

लोड झाल्यावर 'सिलेक्ट काउंट' करून तो आकडा एक्सेलमधल्या ओळींशी जुळवा. जुळल्याशिवाय पुढे जाऊ नका. कमी भरला तर बहुतेक वेळा कुठेतरी उघडून बंद न झालेलं अवतरणचिन्ह असतं, त्याने पुढच्या कित्येक ओळी एकाच खान्यात ओढून घेतलेल्या असतात. लांबीनुसार उतरत्या क्रमाने पत्ते लावा, ती ओळ सर्वांत वर येईल. शाखा-क्रमांकाची जोडी दोनदा आलेली आहे का, तेही इथेच 'ग्रुप बाय'ने बघून घ्या. फोनमध्ये एसटीडी कोडचं सुरुवातीचं शून्य गेलंय का तेही बघा. ते एक्सेलने खाल्लेलं असतं, कारण त्याच्या लेखी तो एक आकडा आहे. १५ पेक्षा जास्त अंकांचे क्रमांक असतील तर पुढचे अंक एक्सेलने शून्य करून टाकलेले असतात. ते कॉलम एक्सेलमध्ये टाइप करायच्या आधीच 'टेक्स्ट' केलेले असावे लागतात.

सगळं पटलं की मग 'इन्सर्ट इनटू सभासद ... सिलेक्ट ... फ्रॉम कच्चे_सभासद'. तारखेसाठी 'एसटीआर_टू_डेट', नमुना दिवस, महिना, आणि चार आकडी वर्षासाठी मोठा वाय. दोन आकडी वर्षं असतील तर मात्र आधी दुरुस्त करा, कारण मायएसक्यूएल ७० ते ९९ ला १९०० मध्ये धरतो आणि ०० ते ६९ ला २००० मध्ये. १९६५ साली जन्मलेले आजोबा २०६५ मध्ये जन्मतील. रिकाम्या खान्यांसाठी 'नलइफ' वापरा. इथे 'लोकल'ची सवलत नाही: स्ट्रिक्ट मोड असेल तर एक तारीख जरी चुकली तरी पूर्ण आज्ञा थांबते, आणि टेबल इनोडीबीचं (मायएसक्यूएलचा नेहमीचा साठवण-प्रकार) असल्याने अर्धवट काहीच आत जात नाही. आपल्याला हेच हवंय. एरर आला की कच्च्या टेबलात ती ओळ दुरुस्त करा आणि आज्ञा पुन्हा द्या.

पुढे कधी पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसवर काम करायची वेळ आली तर हाच भेद तिथे 'कॉपी' आणि उलटी रेघ लावलेल्या 'कॉपी'मध्ये आहे: पहिली सर्व्हरच्या डिस्कवरून वाचते, दुसरी पीएसक्यूएल क्लायंटकडून. मायएसक्यूएलपेक्षा फरक असा की 'कॉपी' एरवी पहिल्याच चुकीच्या ओळीवर थांबते आणि ओळीचा क्रमांकही सांगते.

आता ज्या टेबलात ११,००० ओळी आहेत ते दुरुस्त करत बसू नका. त्याला नवं नाव देऊन बाजूला ठेवा, प्रायमरी की बदलून नवीन टेबल करा आणि मूळ एक्सेलपासून पुन्हा सुरुवात करा. काम संपल्यावर 'सेट ग्लोबल लोकल_इनफाइल = ०' द्या, वर्कबेंचमधली ती ओळ काढा, आणि उबुंटू मशीनवर कुठे सीएसव्हीची प्रत ठेवली असेल तर ती पुसून टाका. त्यात १८,००० लोकांचे पत्ते आणि फोन नंबर आहेत.